कुटुंबप्रमुख

१

पगार झाला की पहिल्या रविवारी पंचशीला आपल्या लेकीला, समूला घेऊन देगलूर नाक्याजवळच्या ‘आपुलकी बाजार’मध्ये महिन्याचं सामान भरायला जायची. समूला तिथला गारवा आवडायचा. ढकलगाडीचं एक चाक हटकून वाकडं निघायचं, ते सरळ ठेवायचं काम तिच्याकडं होतं आणि तिसरीतली ती पोर ते फार मनावर घ्यायची. तूरडाळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, खोबरेल तेल, दोघींचे साबण. मायलेकींचा संसार एका पिशवीत मावायचा.

पंचशीला मूळची लोह्याची, लातूरला दिलेली. तिथं काडीमोड झाला, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि पोरीची चौकशीसुद्धा बंद केली. पंचशीलानं पाटबंधारे खात्यातली आपली कारकुनी नांदेडला बदलून घेतली. नोकरी गेली तर दुसरी बघता येईल, खोली गेली तर दुसरी मिळेल, पण समूला काही झालं तर आपण उभं राहायचं कशासाठी, असा तिचा साधा हिशोब होता.

नांदेडात आधी जिथं भाड्यानं राहिली, तिथं एका माणसाला कळलं होतं की घरात पुरुष नाही. आधी साखर मागायला आला, मग उगीचच दार वाजवायला लागला. तिनं ती खोली सोडली. इथली घरमालकीण वहिदा आपा खालच्या मजल्यावर ब्लाऊज शिवायची. तिनं पहिल्याच दिवशी अक्कल शिकवली होती. “बेटा, दाराबाहेर मर्दाच्या चपला ठेव. दोरीवर एक शर्ट असू दे. गॅसवाला आला तर म्हण, साहेब झोपलेत. कोण आत येऊन बघून राहिलंय?”

एकट्या बाया हे सगळीकडंच करतात. पंचशीलानंही केलं. आठवडी बाजारातून जाड टाचेच्या चपला आणल्या, त्या नव्या दिसू नयेत म्हणून समूनं पायात घालून गच्चीवर फरफटवल्या आणि त्या खेळात दोघी पोट धरून हसल्या. निळ्या चौकड्यांचा शर्ट दर रविवारी नुसता पाण्यातून काढून दोरीवर टाकायचा. घरातल्या पुरुषाचा एवढाच काय तो खर्च होता.

त्या रविवारी काउंटरवरच्या मुलीनं, आरतीनं विचारलं, “ताई, आपुलकी कार्ड काढू का? पॉइंट मिळतेत. मोबाईल नंबर सांगा.”

नंबर मोठ्यानं सांगावा लागतो, ही तिथली रीतच होती. पंचशीलानं सांगितला. तिच्या मागं एक माणूस हातात बिस्किटाचा पुडा घेऊन जरा जास्तच जवळ उभा होता.

“घरात किती मेंबर?”

पंचशीलाला मानेवर त्या माणसाचा श्वास जाणवला. ती म्हणाली, “तिघं. मी, मुलगी आणि मिस्टर.”

“मिस्टरांचं नाव?”

कुठून आलं कोण जाणे, पण नाव आलं. “रविकिरण.”

“कुटुंबप्रमुख त्यांनाच टाकते, हाव ना?”

“टाका.”

समूनं आईकडं पाहिलं आणि शहाण्या पोरीसारखी गप्प राहिली. मागचा माणूस एक पाऊल मागं सरकला. पंचशीलाला त्या दिवशी स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

२

पहिला मेसेज संध्याकाळी आला. ‘रविकिरणजी, आपुलकी परिवारात आपलं स्वागत.’ तिनं तो समूला वाचून दाखवला. समू म्हणाली, “आपले बाबा मोठे माणूस झाले,” आणि दोघी पुन्हा हसल्या.

मग मेसेज येत राहिले. रविकिरणजींना सणाच्या शुभेच्छा, रविकिरणजींसाठी खास सवलत. असल्या मेसेजांकडं कोण लक्ष देतं? पण एका सकाळी ऑफिसात टेबलाशी बसताना फोन वाजला आणि त्यावर खरेदीचं बिल आलेलं होतं. दाढीचं क्रीम. बनियन, मोठ्या मापाचा. काळे मनुके. ‘धन्यवाद, रविकिरणजी.’

तिनं ताबडतोब आपल्या बुद्धीला कामाला लावलं. सरकारी कचेरीत राहून माणूस एवढं तरी शिकतो की प्रत्येक घोळामागं कुणाचातरी आळस असतो. रांगेत मागं उभ्या असलेल्या कुणीतरी आपला नंबर ऐकला आणि तोच ठोकून दिला, दुसरं काय! पण मनाचं समाधान होईना. चोर दुसऱ्याचं घेऊन जातो. हा स्वतःच्या पैशानं सामान घेऊन पॉइंट आपल्या कार्डावर जमा करतो, यात त्याला काय मिळतं?

संध्याकाळी समूला शाळेतून घरी सोडून ती काउंटरवर गेली.

“साहेबच आले होते की, ताई,” आरती म्हणाली. “सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या. लई शांत माणूस. तुमच्यावानीच पिशवी घरून आणतेत.”

“दिसायला कसे आहेत?”

आरतीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आठवायचा प्रयत्न करताना तिच्या कपाळावर आठी आली. “चांगले आहेत की. म्हणजे... उंच... न्हाई, उंच न्हाई.” मग ती ओशाळून हसली. “अवं ताई, तुमचेच मिस्टर, मला काय विचारून राहिल्या?”

रांगेतल्या बायका हसल्या. पंचशीलाही हसली, कारण न हसून सांगायचं काय होतं? माझं लग्न मोडलंय, घरात कुणी नाही, मी खोटं बोलले, हे त्या रांगेत मोठ्यानं सांगायची तिची छाती झाली नाही.

३

घरी आली तर समू ओट्याजवळ उभी राहून काहीतरी चघळत होती.

“काय खाऊन राहिलीस गं?”

“मनुके. डब्यात होते.”

डबा खालून तिसरा, रव्याच्या मागं. काळे मनुके, अर्धा डबा. पंचशीलानं आयुष्यात कधी काळे मनुके आणले नव्हते, तिच्या माहेरी नाही आणि सासरीही नाही. तिनं समूच्या हातातून डबा काढून घेतला, कचऱ्यात रिकामा केला आणि मग स्वतःचीच समजूत घातली की मागच्या वेळी कुणीतरी चुकून पिशवीत टाकले असतील. समजूत काही केल्या टिकेना, पण तिनं ती धरून ठेवली.

दोन खोल्यांचं घर ते. पुढच्या खोलीत पलंग आणि समूचं टेबल, मागं स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी. एका पाहुण्यालासुद्धा लपता येणार नाही इतकं ते उघडं होतं. पंचशीलानं तरी पलंगाखाली पाहिलं, कपाटामागं पाहिलं, खुर्चीवर चढून माळ्यावर पाहिलं. समू दारात उभी राहून तिच्याकडं बघत होती. तिच्या नजरेत कुतूहल नव्हतं, कीव होती. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या नजरेत आपल्यासाठी कीव बघणं फार वाईट असतं.

रविवारी तिनं शर्ट पाण्यात टाकायला घेतला. हा शर्ट कुणाच्या अंगाला कधी लागलेला नव्हता. त्याची कॉलर आतून काळी झाली होती.

तिनं ती उजेडात धरली. मळाची रेघ, मानेच्या घडीवर पडते तशी. काखेत पिवळट डाग. ती जवळ नेऊन हुंगायचं तिला धाडस होईना, पण वास आपणहून आला: घामाचा, थोडा साबणाचा, उन्हातून चालत आलेल्या माणसाचा. वास काही घाण नव्हता, घरातलाच वाटत होता.

तिनं साबण लावून कॉलर घासली. मळ निघाला, पाणी गढूळ झालं, ते मोरीतून वाहून गेलं. नळ तसाच सोडून ती पाटावर बसून राहिली. वयात आल्यापासून तिला पुरुषांची भीती वाटत आली होती ती अंगचटीला येणाऱ्यांची, दार वाजवणाऱ्यांची. ही भीती तिच्या ओळखीची नव्हती. ह्यानं दार वाजवलंच नव्हतं. त्याला तिनंच नावानिशी घरात घेतलं होतं.

नळाच्या आवाजाआडून तिला समूचं बोलणं ऐकू आलं. हळू, लाडिक, मधेच थांबून पुढं बोलणारं, म्हणजे समोरचा उत्तर देत असावा तसं. पंचशीलानं नळ बंद केला. बोलणं थांबलं. मग खोकल्याचा आवाज आला, घसा साफ करतात तसा, एकदाच.

ती ओल्या पायानं बाहेर धावली. समू टेबलाशी बसून पाढे लिहीत होती.

“कुणाशी बोलून राहिली होतीस?”

“कुणाशीच न्हाई,” समू म्हणाली. ती पहिल्यांदाच आईशी खोटं बोलली आणि ते तिनं अगदी सफाईनं केलं.

४

समू सोडली तर नांदेडात एकच माणूस असा होता ज्याला खरं ठाऊक होतं. मंगळवारी रात्री पंचशीला खाली वहिदा आपाकडं गेली. आपा मशीनवर बाही जोडत होती. समोरच्या खुर्चीवर बसून पंचशीलानं सगळं सांगितलं, कार्ड, बिल, मनुके, शर्ट. सांगता सांगता तिला रडू फुटलं. आपानं मशीन थांबवून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“बेटा, मियाँबीवीत चालतंच असं. त्यांनी काही बोललं का तुला?”

पंचशीलानं मान वर केली. “कुणी?”

“रविकिरण भाईंनी.”

“आपा, असं नका ना करू. तुम्हीच म्हणाल्या होत्या, चपला ठेव, शर्ट ठेव. घरात मर्द नाही हे कळू देऊ नको म्हणून.”

वहिदा आपानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. ती थट्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती, पंचशीलाबद्दलची. “मी कशाला म्हणीन तसं? भाई घरात असताना? परवाच तर त्यांनी माझं सिलिंडर आत आणून दिलं. कित्ती गोड बोलतेत. तू जरा दवाखान्यात जाऊन ये बेटा, ऑफिसचं लई टेन्शन घेऊन राहिलीस.”

“त्यांचा चेहरा कसा आहे, आपा? एवढं सांगा.”

“चेहरा?” आपा म्हणाली. तिनं सुई अर्ध्या कापडात तशीच ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग जणू कुणी प्रश्न विचारलाच नव्हता अशी ती मशीनचं चाक फिरवायला लागली.

५

दुसऱ्या दिवशी पंचशीलानं अर्धी रजा टाकली आणि भर दुपारी ‘आपुलकी बाजार’चं मदत केंद्र गाठलं. कार्ड बंद करायचं, मग पुढचं बघू. आपण त्याला तोंडानं आणलंय तर तोंडानंच घालवू, असं तिनं ठरवलं होतं. केंद्रावर विनोद नावाचा मॅनेजर बसला होता, गळ्यात ओळखपत्र, बोलायला आदबशीर.

“बंद होऊन जाईल मॅडम, काही प्रॉब्लेम न्हाई. फक्त कुटुंबप्रमुखांनी यायला पाहिजे. तुम्ही सदस्य आहात ना, सदस्याला सिस्टिम घेत न्हाई.”

“असा कुणी कुटुंबप्रमुख नाही,” पंचशीला म्हणाली. तिच्या मागं रांग होती आणि आज तिला रांगेची पर्वा नव्हती. “मी खोटं सांगितलं होतं. माझा घटस्फोट झालाय. घरात मी आणि माझी मुलगी, दोघीच राहतो. ऐकून राहिलात का?”

सगळं दुकान ऐकत होतं. विनोदनं अवघडून पडद्याकडं पाहिलं आणि दोन बटणं दाबली. तो दुखावू नये अशा आवाजात बोलायला लागला, आजारी माणसाशी बोलतात तसं.

“मॅडम, हे बघा ना. साहेब दर दोन दिवसाला येतेत. बिनसाखरेची बिस्किटं घेतेत. आठ नंबरच्या चपला घेतल्या. पोरीसाठी वह्या, रंगपेटी, केसांचे रबर. साहेबांचं लई लक्ष आहे घराकडं.”

“आणि माझं?” तिनं विचारलं. “माझं काय दिसतं?”

त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. तिच्या नावापुढं आधी कधीतरी खोबरेल तेल होतं, चहा होता, महिन्याच्या बायकी वस्तू होत्या. ते सगळं एकेक करून कमी होत गेलेलं दिसत होतं. शेवटच्या ओळीत तिच्यासाठीच्या सवलतींची जागा कोरी होती.

“मी परवाच तेल नेलं इथून! पैसे दिले मी!”

“इथं काही दाखवून न्हाई राहिलं,” विनोद म्हणाला. “सिस्टिमच्या हिशोबानं तुमच्या घरात आता बाईमाणसाचं काही लागत न्हाई.”

तिला विनोदचं तोंड हलताना दिसत होतं, पण पुढचं ऐकू आलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख झाली होती: समूला घ्यायचं आणि मिळेल त्या एसटीनं लोह्याला, आपल्या आईकडं निघायचं. कपडे नको, भांडी नको. समूला घ्यायचं.

६

शाळेच्या फाटकावर वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. शाळा सुटायला अवकाश होता. पंचशीलानं धापा टाकत समूचं नाव आणि वर्ग सांगितला.

“तिला तर तिचे पप्पा आज लवकरच घेऊन गेले,” तो म्हणाला.

“असं कसं दिलं तुम्ही? कुणालाही देता?”

“कुणालाही कसं? रोज तेच नेतेत.” त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खुर्चीवरून उठला. “तुम्ही कोण?”

रोज तिला कोण आणतं? मीच आणते ना? रिक्षात बसल्यावर तिनं कालची संध्याकाळ आठवायचा प्रयत्न केला. परवाची. समूचं दप्तर आपल्या खांद्यावर असल्याचं तिला आठवेना. ती ऑफिसात होती, मग घरी होती, मधला रस्ता कुठंच नव्हता. तिनं स्वतःच्या हाताला चिमटा काढला. दुखलं, आणि दुखल्याचा तिला आनंद झाला.

जिन्यात पाय ठेवला तसा फोन वाजला. ‘रविकिरणजी, आपल्या विनंतीनुसार एक सदस्य कमी करण्यात आला आहे. आपल्या कुटुंबातील सदस्य: दोन.’

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. दार आतून लावलेलं होतं. आत कुकरची शिट्टी झाली आणि वरणाचा वास आला. तिनं दारावर दोन्ही हातांनी मारलं. “समू! समे, दार उघड!”

साखळीपुरतं दार उघडलं. फटीत समू उभी होती, घरातल्या फ्रॉकमध्ये, तोंड धुतलेलं, कपाळावर ओले केस. पोर ठीक होती. पंचशीलाच्या तोंडून हुंदका निघाला.

“साखळी काढ, बाळा. चल, आपल्याला आजीकडं जायचंय.”

समूनं साखळी काढली नाही. रागावून नव्हे, हट्टानंही नव्हे. दारात आलेल्या अनोळखी बाईकडं चांगल्या घरातली मुलं बघतात, तशी ती बघत होती.

“कोण पाहिजे?” तिनं विचारलं.

“अगं मी! मी आई तुझी!”

समू विचारात पडली. तिनं पंचशीलाचा चेहरा नीट न्याहाळला, डोळे, कपाळ, गळ्यातली पोत. क्षणभर तिचा खालचा ओठ थरथरला आणि पंचशीलानं श्वास रोखून धरला. ओळख, पोरी, ओळख. पण आतून हाक आली, “ये गं, वेणी अर्धीच राहिली.”

आवाज साधा होता. दमून आलेल्या, पण घरी आल्यानं बरं वाटलेल्या माणसाचा. त्यात राग नव्हता, खोट नव्हती. त्यात समूबद्दल खरी माया होती आणि पंचशीलाला त्या मायेचंच सगळ्यात जास्त भय वाटलं, कारण मायेशी भांडायचं कसं, हे तिला कळेना.

एवढ्यात जिन्यावरून वहिदा आपा वर आली. हातात ताटली, वर रुमाल झाकलेला. “सरका बाई जरा,” ती पंचशीलाला म्हणाली. ओळखीची एक रेघही तिच्या चेहऱ्यावर उमटली नाही. आपाला पाहून समूनं साखळी काढली आणि ताटली घ्यायला दार पुरतं उघडलं.

तेवढ्यात पंचशीलाला आतलं दिसलं. पुढच्या खोलीत पलंगाच्या कडेला एक माणूस पाठमोरा बसला होता. हातात फणी होती, दातांत लाल रबर धरलेलं. समू जिथून उठली होती ती त्याच्या पायाशी असलेली जागा अजून रिकामी होती. त्याचे हात तसेच हवेत थांबले होते, आणि मग चाहूल लागल्यासारखी त्याची मान सावकाश दाराकडं वळायला लागली. कान दिसला. गालाची कड दिसली. त्या कडेच्या पुढं जिथं चेहरा सुरू व्हायला हवा, तिथं...

समूनं दार लावलं. आतून कडी बसली.

वहिदा आपा चपला वाजवत खाली निघून गेली. जिन्यात पंचशीला एकटी उरली. तिनं स्वतःचं नाव पुटपुटून पाहिलं. एकदा, दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी ते निम्म्यात अडकलं.

आत पलंग करकरला. मग समूचा आवाज आला, स्वच्छ, काळजीचा.

“बाबा, कोण होत्या त्या?”

पंचशीला पुढं झाली आणि दाराला कान लावून श्वास धरून उभी राहिली. तिलाही आता ते ऐकायचंच होतं.